फॉस्फरसचे अणू मोजताना ४ ने कधी गुणायचे आणि कधी ४ ला हातही लावायचा नाही?

अकरावी_रसायन

मोल संकल्पनेवरचा सराव संच तयार करतो आहे. सोडियम, लोह, पाणी, कार्बन डायऑक्साइड इथपर्यंत मुलांचे गाडे नीट चालते. फॉस्फरस आला की उत्तरांना फाटे फुटतात. नमुन्याला हा प्रश्न घ्या: ६.२ ग्रॅम फॉस्फरसमध्ये किती कण आहेत? यावर नेहमी तीन उत्तरे येतात: १.२०४ × १०^२३, ३.०११ × १०^२२ आणि ४.८१८ × १०^२३. तिन्हींच्या मागे काही ना काही तर्क असतो, त्यामुळे नुसते चूक-बरोबर सांगून भागत नाही.

संचात पुढे तांबडा फॉस्फरस आहे, कंसवाली सूत्रे आहेत (कॅल्शियम फॉस्फेट, डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट खत), स्फटिकजल असलेली संयुगे आहेत. शिवाय फॉस्फरस पेंटॉक्साइड काही ठिकाणी पी२ओ५ तर काही ठिकाणी पी४ओ१० असे लिहिलेले दिसते. यातल्या प्रत्येक ठिकाणी मोजणी नेमकी कुठून सुरू करायची आणि मुले कुठे अडखळतात, हे जाणकारांनी सांगावे.

सूत्रे देवनागरीत लिहितो आहे. चिन्हाच्या नंतरचा आकडा खाली उतरलेला समजावा आणि सूत्राच्या आधीचा आकडा म्हणजे गुणक. अणुवस्तुमाने: फॉस्फरस ३१, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १, कॅल्शियम ४०, नायट्रोजन १४. अॅव्होगॅड्रो अंक (एका मोलमधल्या कणांची संख्या) ६.०२२ × १०^२३.


मोलमापी

तीनपैकी दोन उत्तरे बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. तिसरे साफ चूक आहे.

३१ हे एक मोल अणूंचे वस्तुमान आहे. त्यामुळे ६.२ ला ३१ ने भागले की ०.२ मोल अणू मिळतात, म्हणजे १.२०४ × १०^२३ अणू. ते अणू चार-चारच्या गटात बांधलेले आहेत की सुटे आहेत, याचा या भागाकाराशी संबंध नाही. पांढऱ्या फॉस्फरसचा रेणू चार अणूंचा असतो, पी४; १२४ हे एक मोल पी४ रेणूंचे वस्तुमान. ६.२ ला १२४ ने भागले की ०.०५ मोल रेणू, म्हणजे ३.०११ × १०^२२ रेणू. रेणूंवरून अणूंकडे यायचे असेल तरच ४ ने गुणायचे: ०.०५ × ४ = ०.२ मोल. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

४.८१८ × १०^२३ कसे येते? ३१ ने भागून ०.२ मोल काढायचे आणि "फॉस्फरस पी४ असतो" हे आठवून वर ४ ने गुणायचे. ३१ ने भागले तेव्हाच अणू हातात आले होते, तेच पुन्हा चौपट केले. ही चूक पकडायला मुलांना उलटा हिशेब करायला लावा. ४.८१८ × १०^२३ अणू म्हणजे ०.८ मोल, त्याचे वस्तुमान २४.८ ग्रॅम. सुरुवात ६.२ ग्रॅमपासून केली होती. अर्ध्या मिनिटाची ही तपासणी फॉस्फरसच्या प्रत्येक गणितात करून घ्यावी. दहा वेळा नियम सांगण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

प्रश्नातला "कण" हा शब्द मात्र काढून टाका. "पांढऱ्या फॉस्फरसचे रेणू किती" किंवा "फॉस्फरसचे अणू किती" असे स्पष्ट लिहा. संदिग्ध प्रश्नावर मुलांचे गुण कापणे योग्य नाही.

आणखी एक तपासणी मला फार आवडते. निसर्गात फॉस्फरसचे एकच समस्थानिक सापडते, ३१ वस्तुमानांकाचे: १५ प्रोटॉन, १६ न्यूट्रॉन. म्हणून ६.२ ग्रॅममध्ये ०.२ × १५ = ३ मोल प्रोटॉन आणि ०.२ × १६ = ३.२ मोल न्यूट्रॉन. बेरीज ६.२ मोल, आणि प्रत्येकाचे वस्तुमान मोलमागे साधारण १ ग्रॅम. सुरुवातीचे ६.२ ग्रॅम परत मिळाले. क्लोरीनसारख्या दोन समस्थानिकांच्या मूलद्रव्यात हे इतके सरळ जमत नाही, तिथे सरासरी मध्ये येते. काटेकोर अणुवस्तुमान ३०.९७४ आहे, कारण अणुकेंद्र बांधले जाताना थोडे वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने जाते.

आता संतुलित समीकरणात ४ विसरला तर काय होते तेही संचात घालाच. पांढरा फॉस्फरस कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाबरोबर तापवला की फॉस्फीन वायू निघतो:

पी४ + ३ एनएओएच + ३ एच२ओ → पीएच३ + ३ एनएएच२पीओ२

१२.४ ग्रॅम पी४ म्हणजे ०.१ मोल. त्यातून फॉस्फीन ०.१ मोल, म्हणजे ० अंश सेल्सियस आणि १ वातावरण दाबाला २.२४ लिटर. फॉस्फरसचे अणू मात्र ०.४ मोल होते. एक चतुर्थांश अणू फॉस्फीनमध्ये गेले, उरलेले तीन चतुर्थांश सोडियम हायपोफॉस्फाइटमध्ये. "फॉस्फरसचा एक अणू, फॉस्फीनचा एक रेणू" असे धरणारा ८.९६ लिटर लिहितो आणि त्याला आपली चूक कळतही नाही, कारण गुणाकार बिनचूक असतो. (ही क्रिया कागदावरच ठेवा. फॉस्फीन विषारी आहे, आणि या क्रियेतून निघणारा वायू हवेत आपोआप पेट घेतो.)


बाष्प_आणि_स्फटिक

तांबड्या फॉस्फरसबद्दल लिहितो, कारण वरच्या उत्तरात पांढराच गृहीत धरला आहे.

पांढऱ्या फॉस्फरसमध्ये चार अणूंचे सुटे चतुष्फलक असतात. प्रत्येक अणू उरलेल्या तिघांना जोडलेला, एकूण सहा बंध, बंधकोन ६० अंश. हा कोन इतका ताणलेला असल्यामुळे पदार्थ कमालीचा क्रियाशील आहे. तो ४४ अंशांना वितळतो, उबदार हवेत आपोआप पेटतो, म्हणून पाण्याखाली ठेवतात. तांबड्या फॉस्फरसमध्ये या चतुष्फलकांचा एकेक बंध सुटून ते एकमेकांना जोडले जातात आणि लांबच लांब जाळे तयार होते. काड्यापेटीच्या घासपट्टीत असतो तो हाच. काळ्या फॉस्फरसमध्ये अणूंचे वळ्या पडलेले थर असतात; तो ब्रिजमनने १९१४ मध्ये प्रचंड दाबाखाली प्रथम तयार केला.

तांबड्या आणि काळ्या प्रकारांत ठरावीक आकाराचा रेणूच नाही. म्हणून "६.२ ग्रॅम तांबड्या फॉस्फरसमध्ये रेणू किती" हा प्रश्न चुकीचा आहे, "अणू किती" हा बरोबर आहे आणि त्याचे उत्तर पांढऱ्यासारखेच: ०.२ मोल. समीकरणातही हाच न्याय. पांढरा असेल तर पी४ + ५ ओ२ → पी४ओ१०, तांबडा असेल तर ४ पी + ५ ओ२ → पी४ओ१०. दोन्हीकडे १२४ ग्रॅम फॉस्फरसला १६० ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि २८४ ग्रॅम ऑक्साइड मिळते. अणूंचा हिशेब कुठेच बदलत नाही.

पी४ मधला ४ आला कुठून, असे चांगली मुले विचारतात. तो बाष्पाच्या घनतेवरून आला. फॉस्फरस २८० अंशांच्या आसपास उकळतो. त्याचे बाष्प त्याच तापमानाच्या आणि दाबाच्या हायड्रोजनपेक्षा सुमारे ६२ पट जड भरते. हायड्रोजनचे रेणुवस्तुमान २, म्हणून बाष्पाचे १२४, आणि १२४ भागिले ३१ म्हणजे ४. द्युमा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा घनता मोजल्या तेव्हा फॉस्फरसचा आकडा अपेक्षेच्या दुप्पट आला आणि मोठा गोंधळ उडाला. कारण हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजनप्रमाणे प्रत्येक मूलद्रव्याच्या बाष्पात दोनच अणूंचा रेणू असणार, असे तेव्हा धरले जात होते.

पण हा ४ सर्व तापमानांना टिकत नाही. ८०० अंशांच्या वर पी४ फुटून पी२ बनू लागतात. बंदिस्त भांड्यात १२.४ ग्रॅम बाष्प आहे आणि त्यातले एक चतुर्थांश पी४ रेणू फुटले असे समजा. राहिले ०.०७५ मोल पी४, आणि फुटलेल्या ०.०२५ मोलपासून झाले ०.०५ मोल पी२. एकूण रेणू ०.१२५ मोल, म्हणजे त्याच तापमानाला न फुटलेल्या बाष्पापेक्षा दाब सव्वापट. अणू मोजा: ०.३ अधिक ०.१, पुन्हा ०.४ मोल. रेणूंची संख्या तापमान ठरवते, अणूंची संख्या वजनकाटा ठरवतो.

फॉस्फरस पेंटाक्लोराइडवर असेच गणित देता येईल. २०.८५ ग्रॅम पीसीएल५ (०.१ मोल) पैकी ४० टक्के पीसीएल३ आणि सीएल२ मध्ये विघटित झाले तर एकूण रेणू ०.१४ मोल, अणू मात्र आधीही ०.६ मोल आणि नंतरही ०.६ मोल. आणि हेच संयुग घनरूपात असेल तर त्यात पीसीएल५ चे रेणू नसतातच. पीसीएल४ धन आयन आणि पीसीएल६ ऋण आयन अशी जोडी असते. म्हणून प्रश्नात घन की वायू हे लिहाच.

२२.४ लिटरबद्दल (प्रमाण तापमान-दाबाला एक मोल वायूचे आकारमान) एक इशारा. "प्रमाण तापमान-दाबाला ११.२ लिटर फॉस्फरस" असली गणिते काही संचांत दिसतात. त्या तापमानाला फॉस्फरस घन असतो. ते गणित वगळा आणि वायूच हवा असेल तर फॉस्फीन घ्या.


अकरावी_रसायन

पहिल्या दोन शंका फिटल्या, आभार. पीसीएल५ चे गणित थेट संचात घेतो. आता कंसवाली सूत्रे. सीए३(पीओ४)२ मध्ये मुले ऑक्सिजन कधी ४, कधी ६ लिहितात. डीएपीमध्ये हायड्रोजन ८ की ९ यावर वाद होतो. आणि कॅल्शियम फॉस्फेटचा "रेणू" म्हणावे का?


सूत्रवाचक

कंसाबाहेरचा आकडा कंसातल्या प्रत्येक अणूला लागतो आणि कंसाबाहेरच्या कुणालाही लागत नाही. हे सगळ्यांना पाठ असते, तरी मुले चुकतात ती वहीत एका दमात बेरीज करायला जातात म्हणून. माझा आग्रह असा की आधी मूलद्रव्यांची नावे एकाखाली एक लिहायची, मग सूत्र डावीकडून उजवीकडे वाचत प्रत्येक नावासमोर मिळेल तो आकडा टाकत जायचे, आणि बेरीज सर्वांत शेवटी.

सीए३(पीओ४)२: कॅल्शियम ३. कंसात फॉस्फरस १, बाहेर २, म्हणून २. ऑक्सिजन ४ × २ = ८. एकूण १३. ऑक्सिजन ६ लिहिणारा ४ आणि २ ची बेरीज करतो, ४ लिहिणारा कंसाबाहेरचा २ फक्त फॉस्फरसला लावतो. दोन चुकांची कारणे वेगळी आहेत, म्हणून दुरुस्तीही वेगळी करावी लागते.

डीएपी, (एनएच४)२एचपीओ४: नायट्रोजन १ × २ = २. हायड्रोजन कंसातले ४ × २ = ८ आणि कंसाबाहेर स्वतंत्र १, म्हणून ९. फॉस्फरस १, ऑक्सिजन ४. एकूण १६. या सूत्रात हायड्रोजन दोन ठिकाणी येतो आणि दुसरा नेमका पी च्या आधी चिकटून बसलेला असतो, म्हणून तो नजरेतून सुटतो. वादाचे उत्तर ९.

स्फटिकजलात बिंदूनंतरचा आकडा त्याच्या पुढच्या पूर्ण पाण्याच्या रेणूला लागतो. स्ट्रुव्हाइट घ्या (मूतखड्याच्या एका प्रकारात हाच पदार्थ असतो): एमजीएनएच४पीओ४·६एच२ओ. मॅग्नेशियम १, नायट्रोजन १, फॉस्फरस १, हायड्रोजन ४ + १२ = १६, ऑक्सिजन ४ + ६ = १०. एकूण २९. इथे ६ फक्त हायड्रोजनला लावून ऑक्सिजनला १ धरणारे बरेच सापडतात. सुपर फॉस्फेटमधले फॉस्फरसचे मुख्य संयुग सीए(एच२पीओ४)२·एच२ओ हे सरावाला उत्तम, कारण त्यात कंसही आहे आणि पाणीही: कॅल्शियम १, हायड्रोजन ४ + २ = ६, फॉस्फरस २, ऑक्सिजन ८ + १ = ९, एकूण १८.

कॅल्शियम फॉस्फेट हे आयनिक संयुग आहे. स्फटिकात कॅल्शियम आयन आणि फॉस्फेट आयन एकाआड एक रचलेले असतात. तीन कॅल्शियम आणि दोन फॉस्फेट असा वेगळा काढता येईल असा गट नसतो. म्हणून त्याचे "फॉर्म्युला युनिट" मोजायचे, रेणू नाही. ३१ ग्रॅम कॅल्शियम फॉस्फेट म्हणजे ३१ ÷ ३१० = ०.१ मोल फॉर्म्युला युनिट. त्यात आयन ०.५ मोल (तीन अधिक दोन), फॉस्फरसचे अणू ०.२ मोल, ऑक्सिजनचे ०.८ मोल, एकूण अणू १.३ मोल म्हणजे ७.८२९ × १०^२३. एकाच ३१ ग्रॅमला चार वेगळी उत्तरे, आणि चारही बरोबर. संचात हे गणित चार उपप्रश्नांत द्या, मुलांच्या डोक्यातली गाठ तिथेच सुटते.

सूत्र दुप्पट करून लिहिले तर काय होते, हेही दाखवा. दातांच्या आणि हाडांच्या खनिजाचे, हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे सूत्र सीए५(पीओ४)३ओएच असे लिहितात आणि सीए१०(पीओ४)६(ओएच)२ असेही. पहिल्यात २२ अणू, मोलचे वस्तुमान ५०२. दुसऱ्यात ४४ अणू, वस्तुमान १००४. मग १ ग्रॅममध्ये फॉस्फरसचे अणू किती? ३ ÷ ५०२ किंवा ६ ÷ १००४, दोन्ही ०.००५९८ मोल, साधारण ३.६ × १०^२१ अणू. सूत्र कोणते घेतले यावर फक्त युनिटांची संख्या बदलते, दर ग्रॅमचे अणू नाहीत.

ऑक्सिआम्लांत अणू मोजणे सोपे आहे, मोजून झाल्यावर जे गृहीत धरले जाते ते घातक. एच३पीओ४ मध्ये ८ अणू, एच३पीओ३ मध्ये ७, एच३पीओ२ मध्ये ६. तिघांतही हायड्रोजन ३. पण सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात सुटणारे हायड्रोजन अनुक्रमे ३, २ आणि १ आहेत, कारण उरलेले थेट फॉस्फरसला जोडलेले असतात आणि सुटत नाहीत. ८.२ ग्रॅम एच३पीओ३ म्हणजे ०.१ मोल, हायड्रोजनचे अणू ०.३ मोल, पण उदासिनीकरणाला सोडियम हायड्रॉक्साइड ०.२ मोलच लागते.

बंधांवरचे प्रश्नही येतात. मोलमापींच्या ६.२ ग्रॅम पांढऱ्या फॉस्फरसमध्ये ०.०५ × ६ = ०.३ मोल फॉस्फरस-फॉस्फरस बंध आहेत. "प्रत्येक अणूला तीन बंध, चार अणू, म्हणून बारा" असे मोजले तर प्रत्येक बंध दोन्ही टोकांकडून एकेकदा मोजला जातो; २ ने भागायचे राहून गेलेले असते. पी४ओ१० मध्ये फॉस्फरस-फॉस्फरस बंध एकही नाही: सहा ऑक्सिजन दोन-दोन फॉस्फरसच्या मध्ये पुलासारखे (१२ बंध) आणि चार ऑक्सिजन टोकाला.


माती_आणि_खत

पी२ओ५ चा प्रश्न राहिला आहे. त्याची उत्तरे दोन, कारण तो दोन अगदी वेगळ्या कामांसाठी लिहिला जातो.

रसायनशास्त्रात हे ऑक्साइड बाष्पावस्थेत आणि त्याच्या नेहमीच्या स्फटिकात पी४ओ१० रेणूंच्याच रूपात असते. १४.२ ग्रॅम घेतले तर १४.२ ÷ २८४ = ०.०५ मोल रेणू. पी२ओ५ धरून १४२ ने भागले तर ०.१ मोल येतात, म्हणजे रेणू दुप्पट, आणि ते चूक. फॉस्फरसचे अणू विचारले असतील तर ०.०५ × ४ किंवा ०.१ × २, दोन्हीकडून ०.२ मोल. ऑक्सिजनचे ०.५ मोल. पाण्यातली क्रियाही पूर्ण सूत्राने लिहावी: पी४ओ१० + ६ एच२ओ → ४ एच३पीओ४, म्हणजे २८४ + १०८ = ४ × ९८ = ३९२.

खताच्या गोणीवरचा पी२ओ५ मात्र गोणीत नसतोच. ती फॉस्फरसची मात्रा सांगायची जुनी पद्धत आहे: खतातला सगळा फॉस्फरस पी२ओ५ झाला असता तर किती भरला असता, तो आकडा. डीएपीला आपल्याकडे अठरा-सेहेचाळीस म्हणतात, कारण त्यात १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के पी२ओ५. त्यावरून फॉस्फरस काढायला ६२ ÷ १४२ = ०.४३६६ ने गुणायचे (काटेकोर वस्तुमानांनी ०.४३६४).

५० किलोची गोणी घ्या. पी२ओ५ २३ किलो, फॉस्फरस १०.०४ किलो, म्हणजे सुमारे ३२४ मोल, म्हणजे १.९५ × १०^२६ अणू. नत्र ९ किलो, सुमारे ६४३ मोल. नत्र आणि फॉस्फरसच्या अणूंचे गुणोत्तर ६४३ ÷ ३२४ = १.९८. सूत्र (एनएच४)२एचपीओ४ सांगते २. गोणीवरच्या दोन टक्केवाऱ्यांतून सूत्र जवळजवळ बाहेर येते, आणि ग्रामीण भागातल्या मुलांना हे गणित एकदम भिडते. शुद्ध संयुगात फॉस्फरस ३१ ÷ १३२ = २३.५ टक्के असायला हवा, गोणीत २०.१ टक्के आहे. व्यापारी डीएपी शुद्ध नसते, त्यात ओलावा आणि इतर फॉस्फेटेही असतात. म्हणून गोणीतले अणू मोजताना ५० किलोला १३२ ने भागू नका. टक्केवारीतून जा.

सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये पी२ओ५ १६ टक्के, म्हणजे ५० किलोत ८ किलो आणि फॉस्फरस ३.४९ किलो. फॉस्फरसच्या अणूंच्या हिशेबाने डीएपीची एक गोणी सुपर फॉस्फेटच्या २३ ÷ ८ = २.८८ गोण्यांइतकी. (सुपर फॉस्फेटमध्ये गंधकही मिळते, ते या हिशेबात येत नाही.)

मातीच्या अहवालात मोठी गफलत होते ती दोन सारख्या दिसणाऱ्या गुणकांमुळे. ओल्सेन पद्धतीने उपलब्ध फॉस्फरस मातीच्या दर किलोला मिलिग्रॅममध्ये येतो. तो हेक्टरी किलोत न्यायला २.२४ ने गुणतात, कारण वरच्या १५ सेंटिमीटर थरात हेक्टरी साधारण २२.४ लाख किलो माती धरली जाते. फॉस्फरसचे पी२ओ५ करायला २.२९ ने गुणतात. दोन्ही आकडे जवळपास सारखे, म्हणून कुणी एकदाच गुणून थांबतो. ८ मिलिग्रॅम फॉस्फरस म्हणजे हेक्टरी १७.९ किलो फॉस्फरस, म्हणजेच हेक्टरी ४१ किलो पी२ओ५. अहवालात नुसते "स्फुरद" (फॉस्फरसचे शेतीतले नाव) लिहिले असेल तर ते कोणत्या रूपात आहे हे विचारल्याशिवाय खताची मात्रा काढू नये, हिशेब दुपटीहून जास्त हुकतो.


वजनी_विश्लेषण

प्रयोगशाळेत फॉस्फरसचे अणू प्रत्यक्ष मोजतात ते मॅग्नेशियम पायरोफॉस्फेटच्या वजनावरून, आणि हा प्रश्न प्रवेश परीक्षांतही येतो. सेंद्रिय संयुग धूमायमान नायट्रिक आम्लाबरोबर बंद नळीत तापवतात, फॉस्फरसचे फॉस्फोरिक आम्ल होते. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड, अमोनियम क्लोराइड आणि अमोनिया यांचे मिश्रण घातले की पांढरा अवक्षेप येतो. तो म्हणजे वर आलेला २९ अणूंचा एमजीएनएच४पीओ४·६एच२ओ. तो मुशीत १००० ते ११०० अंशांना भाजला की:

२ एमजीएनएच४पीओ४·६एच२ओ → एमजी२पी२ओ७ + २ एनएच३ + १३ एच२ओ

यातले हायड्रोजन मुलांकडून मोजून घ्या: डावीकडे ३२, उजवीकडे ६ + २६. पाणी १२ लिहिणारे इथेच सापडतात. तेरावे पाणी अमोनियम आणि फॉस्फेटमधून येते.

गणित: ०.१५० ग्रॅम संयुगापासून ०.१११ ग्रॅम एमजी२पी२ओ७ मिळाले. मोलचे वस्तुमान २२२, म्हणून ०.०००५ मोल. प्रत्येक युनिटात फॉस्फरसचे दोन अणू, म्हणून ०.००१ मोल फॉस्फरस, ६.०२२ × १०^२० अणू, वजन ०.०३१ ग्रॅम, म्हणजे २०.६७ टक्के. दोन अणूंचे ६२ घेण्याऐवजी ३१ घेतले तर उत्तर बरोबर अर्धे, १०.३३ टक्के येते. पर्यायांत ते हमखास असते.

प्रत्यक्षात आकडा बिघडतो तो पुढील कारणांनी. अवक्षेप साध्या पाण्याने धुतला तर थोडा विरघळतो आणि फॉस्फरस कमी भरतो. धुवायला विरळ अमोनिया घ्यावा. मॅग्नेशियम मिश्रण आणि अमोनिया घाईने, जास्त प्रमाणात घातले तर ठरल्यापेक्षा वेगळ्या घडणीचा अवक्षेप पडतो; तो आम्लात विरघळवून पुन्हा सावकाश पाडावा. गाळणकागदाचा कोळसा कमी आचेवर, हवा खेळती ठेवून पूर्ण जाळल्याशिवाय आच वाढवली तर कोळसा फॉस्फेटचे क्षपण करतो आणि फॉस्फरस उडून जातो. संयुगात आर्सेनिक असेल तर तेही अगदी अशाच घडणीचा अवक्षेप देते आणि उत्तर जास्त येते.

फॉस्फरस अगदी थोडा असेल तर अमोनियम मॉलिब्डेटचा पिवळा अवक्षेप उपयोगी पडतो. त्याचे सूत्र (एनएच४)३पीएमओ१२ओ४० असे किंवा (एनएच४)३पीओ४·१२एमओओ३ असे लिहितात. कंसाच्या सरावाचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही: नायट्रोजन ३, हायड्रोजन १२, फॉस्फरस १, मॉलिब्डेनम १२, ऑक्सिजन ४० (दुसऱ्या लेखनात ४ + ३६), एकूण ६८. ६८ अणूंत फॉस्फरस फक्त एक, वजनाने १.६५ टक्के. म्हणूनच इथे ४ किंवा २ चा प्रश्नच उद्भवत नाही. मोलचे वस्तुमान १८७६, १८.७६ मिलिग्रॅम अवक्षेप म्हणजे ०.००००१ मोल, म्हणजे ०.३१ मिलिग्रॅम फॉस्फरस, ६.०२२ × १०^१८ अणू. हा अवक्षेप नायट्रिक आम्लाच्या माध्यमात, द्रावण कोमट ठेवून पाडावा. उकळले तर मॉलिब्डेनमचे ऑक्साइडही खाली बसते आणि त्याचे वजन फॉस्फरसच्या खात्यात जमा होते.


अकरावी_रसायन

संचाचा क्रम आता असा लावतो: आधी ६.२ ग्रॅमचे गणित उलट्या तपासणीसह, मग पीसीएल५, मग ३१ ग्रॅम कॅल्शियम फॉस्फेटचे चार उपप्रश्न, डीएपीची गोणी, आणि शेवटी पायरोफॉस्फेट. पीसीएल५ मध्ये "वायुरूपात" आणि पहिल्या गणितात "पांढरा" हे शब्द प्रश्नातच घालतो. हायड्रॉक्सिअॅपेटाइटचे दोन्ही सूत्रांचे गणित गृहपाठाला.